घर सजवताना कोणत्या चिठ्ठीवर किती विश्वास ठेवावा?

दिवाळीच्या आधी घर आवरायला काढलं की पडदे, उशांचे अभ्रे, एखादी सतरंजी, भिंतीवर लावायला चित्र, कधी नवं टेबल अशी खरेदी निघतेच. हल्ली या वस्तूंना लावलेल्या चिठ्ठ्यांवर ‘इको-फ्रेंडली’, ‘नॅचरल’, ‘सस्टेनेबल’, ‘हँडमेड’ असे शब्द असतात आणि त्या शब्दांसोबत किंमतही चढलेली असते. आपल्या घरासाठी कुणाचं जंगल तुटू नये, कुणा मुलाची शाळा सुटू नये असं ज्यांना मनापासून वाटतं, ते चार पैसे जास्त द्यायला तयार असतात. ते पैसे नेमके कशाचे घेतले जातात, हे मात्र दुकानात उभं राहून कळणं अवघड असतं. म्हणून हा सगळा मामला जरा उलगडून पाहू.

आधी कायद्याचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक खोट्या दाव्यांना आळा घालण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. ‘पर्यावरणपूरक’, ‘हरित’, ‘नैसर्गिक’, ‘सेंद्रिय’ असं नुसतं म्हणून कंपनीला आता सुटता येत नाही. दाव्यामागे तपासता येईल असा पुरावा असावा लागतो. दावा पूर्ण वस्तूबद्दल आहे, तिच्या एखाद्या भागाबद्दल आहे की फक्त खोक्याबद्दल, हेही स्पष्ट करावं लागतं. पुनर्वापराच्या पुठ्ठ्यात भरलेला प्लास्टिकचा दिवा ‘इको-फ्रेंडली’ म्हणून विकला जात असेल, तर तुम्ही आक्षेप घेऊ शकता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पण फसवा दावा ओळखणं हे काम निम्मंच झालं. खरी, अधिकृत प्रमाणपत्रंसुद्धा आपण चुकीची वाचतो. प्रत्येक चिन्ह एकाच, फार तर दोन-तीन प्रश्नांची उत्तरं देतं. बाकीच्या प्रश्नांबद्दल ते गप्प असतं, आणि आपण मात्र त्या गप्प राहण्याला होकार समजतो. कोणतं चिन्ह कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे एकदा समजलं, की उरलेले प्रश्न आपले आपण विचारता येतात.

कापडापासून सुरुवात करू, कारण घराच्या सजावटीत सगळ्यात जास्त तेच असतं.

हातमागाचं सरकारी चिन्ह, म्हणजे ‘हँडलूम मार्क’, २००६ पासून आहे. कापड हातमागावर विणलं गेलं, एवढंच ते सांगतं. सूत गिरणीतलं असू शकतं, रंग रासायनिक असू शकतो, कापूस भरपूर कीटकनाशकं मारून पिकवलेला असू शकतो. ‘खादी मार्क’ एक पायरी पुढे जातो: सूतही हाताने कातलेलं आणि कापडही हाताने विणलेलं. कापूस सेंद्रिय होता का, हे तोही सांगत नाही. ‘ओको-टेक्स स्टँडर्ड १००’ हे चिन्ह चादरी-टॉवेलांवर बरंच दिसतं. तयार कापडात अंगाला अपायकारक रसायनं ठरावीक मर्यादेच्या आत आहेत, एवढी त्याची ग्वाही. विणणाऱ्याला मजुरी किती मिळाली, रंगाचं पाणी कोणत्या ओढ्यात गेलं, हा त्या तपासणीचा विषयच नाही. यातल्या त्यात सर्वांत रुंद चाळणी आहे ती ‘गॉट्स’ची, म्हणजे सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाची. सेंद्रिय धागा, रंगाई, सांडपाणी आणि कामगारांची परिस्थिती, या सगळ्याचे निकष तीत आहेत. ‘ऑरगॅनिक’ असा पूर्ण शिक्का मिळवायला किमान ९५ टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय लागतो. ७० टक्क्यांपासून पुढे असेल तर ‘ऑरगॅनिक धाग्यासह बनवलेले’ एवढंच म्हणता येतं. चिठ्ठीवर या दोहोंपैकी काय लिहिलं आहे ते नीट वाचा.

आणि चाळणी चांगली असली तरी तिला भोक पडू शकतं. २०२० मध्ये खुद्द गॉट्सनेच जाहीर केलं, की भारतात बनावट व्यवहार-प्रमाणपत्रांच्या (मालाच्या प्रत्येक विक्रीसोबत दिल्या जाणाऱ्या कागदांच्या) आधारे सुमारे २० हजार टन कापूस सेंद्रिय म्हणून खपवला गेला होता. त्यामुळे प्रमाणपत्र निरुपयोगी ठरत नाही, पण परवाना क्रमांक छापलेला आहे का हे पाहण्याची सवय आपल्याला लागायला हवी. क्रमांक असेल तर त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. क्रमांक नसलेलं, फक्त हिरव्या पानाचं चित्र असलेलं चिन्ह हे प्रमाणपत्र नव्हे.

आता आपल्याकडचंच उदाहरण. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. अनेकांना वाटतं, मानांकन आहे म्हणजे हातमागाची. मानांकन सांगतं की वस्तू त्या भागातली आहे आणि तिथल्या ठरलेल्या वैशिष्ट्यांप्रमाणे बनली आहे. सोलापूरची चादर आज मुख्यतः यंत्रमागावर विणली जाते. तिच्यात कमी काही नाही. जाड, टिकाऊ, दोन पिढ्या वापरलेल्या सोलापुरी चादरी कितीतरी घरांत असतील. पद्मशाली विणकरांच्या पिढ्यांनी उभा केलेला हा धंदा टिकावा म्हणून अस्सल सोलापुरी चादर जरूर घ्या, पण तिला हातमागाची किंमत देऊ नका. आणि कुणी हुबेहूब तशी दिसणारी दुसरीकडची चादर ‘सोलापुरी’ म्हणून देत असेल तर घेऊ नका.

हातमागाचं कापड ओळखायचं कसं? दोन्ही काठांलगत, कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या सुयांची बारीक भोकं बहुधा दिसतात. विणीत कुठे कुठे किंचित कमी-जास्त दाटपणा जाणवतो. सतरंजी असेल तर उलटी करून पाहा. हातमागावरच्या सतरंजीला उलट-सुलट नसते, नक्षी दोन्ही बाजूंना सारखीच असते.

पण हे सगळं ओळखून झाल्यावरही मोठा प्रश्न उरतोच: विणणाऱ्याच्या हातात काय पडलं? २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार देशात ३५ लाखांहून अधिक विणकर आणि पूरक कामगार आहेत आणि त्यांत ७० टक्क्यांहून जास्त स्त्रिया आहेत. त्याच गणनेत सुमारे दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचं उत्पन्न महिन्याला ५ हजार रुपयांपेक्षा कमी असल्याचं आढळलं. हातमागाचं चिन्ह असलेला महागडा पडदा आणि ५ हजारांत महिना काढणारं विणकराचं घर, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते, आणि तिच्यावर एकही शिक्का पुरेसं उत्तर देत नाही.

उत्तराच्या जवळ नेतो तो साधा प्रश्न: हे कोणत्या गावात विणलं, आणि तुम्ही कुणाकडून घेतलंत? ज्याने थेट विणकराकडून किंवा त्यांच्या सहकारी संस्थेकडून माल उचलला आहे तो गावाचं, संस्थेचं नाव चटकन सांगतो, कधी फोटोही दाखवतो. ज्याने तिसऱ्या-चौथ्या हातून घेतला आहे तो ‘हातमागच आहे हो’ एवढ्यावर थांबतो. बचत गटांच्या बायका स्वतः माल घेऊन येतात ते मुंबईचं महालक्ष्मी सरस, पुण्याची भीमथडी जत्रा, किंवा आदिवासी कारागिरांचा माल विकणारी ट्राइब्ज इंडियाची दुकानं, इथे हा प्रश्न विचारणं सोपं जातं. मॉलमध्येही विचारावाच. विक्रेत्या मुलाला उत्तर ठाऊक नसेल, पण गिऱ्हाईक काय विचारतं ते वरपर्यंत पोचतं.

गालिच्याबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण त्यात फसगत जास्त. ‘हाताने बनवलेला’ असं दोन अगदी वेगळ्या वस्तूंना म्हणतात. एक, गाठी मारून विणलेला. प्रत्येक गाठ ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, बांधलेली असते, महिनोन्‌महिने काम चालतं, आणि असा गालिचा नीट ठेवला तर पन्नास वर्षंही टिकतो. दुसरा, टफ्टेड, यात हातातल्या यंत्राने कापडात धागे खोचतात आणि मागे लॅटेक्सचा (रबरी चिकाचा) थर देऊन वर दुसरं कापड चिकटवतात. काही वर्षांनी लॅटेक्स वाळून त्याची भुकटी पडू लागते. असा गालिचा दुरुस्त होत नाही आणि त्याचे थर सुटे करता येत नसल्याने त्याचं पुढे काही करताही येत नाही. ओळख सोपी आहे: गालिचा उलटा करा. मागे गाठी आणि नक्षी दिसली तर विणलेला. मागे कापड चिकटवलेलं असेल तर टफ्टेड. झालरही पाहा, विणलेल्या गालिच्याची झालर म्हणजे त्याच्याच ताण्याची टोकं असतात, वरून शिवलेली नसतात.

उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यातल्या गालिच्यांच्या मागांवर एके काळी मोठ्या प्रमाणावर मुलं राबत होती. त्याविरुद्ध झगडणाऱ्या कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये ‘रगमार्क’ हे चिन्ह सुरू झालं. आज त्याचं नाव ‘गुडवीव्ह’ आहे. बालमजुरी नाही ना, याची मागांवर अचानक जाऊन केलेली तपासणी हा त्याचा गाभा आहे, आणि प्रत्येक चिठ्ठीवर वेगळा क्रमांक असतो. महाग गालिचा घेणार असाल तर हे चिन्ह मागाच.

आता लाकूड. इथे लोकांच्या मनात एक ठाम समजूत असते: भरीव लाकूड म्हणजे चांगलं, प्लायवूड म्हणजे वाईट. जंगलाच्या बाजूने पाहिलं तर गोष्ट एवढी सरळ नाही. भारतातलं बरंचसं प्लायवूड पॉपलर आणि निलगिरीपासून बनतं, आणि ही झाडं शेतकऱ्यांनी बांधावर किंवा शेतात लावलेली असतात. हरियाणातल्या यमुनानगरचा अख्खा उद्योग त्यावर उभा आहे. उलट, ‘बर्मा टीक’ म्हणून मिरवणारं नवं लाकूड कुठून आलं हा अवघड प्रश्न आहे. म्यानमारने २०१४ पासून सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिथल्या लाकूड व्यापाराचा पैसा लष्करी राजवटीकडे जातो म्हणून अनेक देशांनी त्यावर निर्बंध घातले. नवं बर्मा टीक कुणी छातीठोकपणे देत असेल तर मी ते घेणार नाही.

साग हवाच असेल तर आपल्या विदर्भातला काय वाईट? चंद्रपूर-गडचिरोलीच्या, विशेषतः आलापल्लीच्या सागाचं नाव देशभर आहे. महाराष्ट्र वनविकास महामंडळ १९७४ पासून साग लावतं, तोडतं आणि बल्लारपूरसारख्या आगारांतून लिलावाने विकतं. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठीही लाकूड याच भागातून गेलं. अशा लाकडावर वनखात्याच्या हातोड्याची निशाणी असते आणि त्यासोबत वाहतूक परवाना असतो. सुताराकडून टेबल बनवून घेत असाल तर वखारीचं पक्कं बिल मागा. बिलाशिवाय स्वस्तात मिळणारा साग कुठून आला असेल याचा अंदाज बांधायला फार डोकं लागत नाही.

तयार फर्निचरवर ‘एफएससी’चं, म्हणजे जंगल जबाबदारीने सांभाळल्याचं प्रमाणपत्र देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं, चिन्ह असेल तर त्याचे तीन प्रकार आहेत. ‘१०० टक्के’ म्हणजे सगळं लाकूड प्रमाणित जंगलातलं. ‘रिसायकल्ड’ म्हणजे पुनर्वापराचं. आणि ‘मिक्स’ म्हणजे यांचं मिश्रण, ज्यात काही लाकूड प्रमाणित नसलेलं, फक्त नियंत्रित स्रोतातलं असू शकतं. सर्वांत जास्त दिसतं ते ‘मिक्स’.

या नावांपलीकडे दोन लाकडं मला मनापासून सुचवाविशी वाटतात. आंबा: फळ देणं कमी झालेली झाडं तशीही तोडली जातात. आणि रबरवुड: केरळातल्या रबराच्या झाडांचा चीक पंचवीस-तीस वर्षांनी आटतो, मग ती काढून नवी लावतात. दोन्ही लाकडं सागाएवढी चिवट नाहीत. पाणी आणि कीड यांपासून जपावी लागतात, पण नीट प्रक्रिया केलेली असतील तर घरातल्या कोरड्या खोलीत उत्तम टिकतात. शिसमची गोष्ट थोडी गुंतागुंतीची. शिसमचा अख्खा वंश २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत आहे. उत्तर भारतात शिसम शेताच्या कडेने भरपूर लावतात, त्यामुळे देशात घेताना घाबरायचं कारण नाही. पण परदेशातल्या लेकीला शिसमचं जड सामान पाठवायचं असेल तर कागदपत्रं आधी विचारा.

प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या) यांचा खरा प्रश्न जंगलाचा नाही, डिंकाचा आहे. थर किंवा भुसा चिकटवायला फॉर्मल्डिहाइड असलेला डिंक वापरतात आणि त्यातलं फॉर्मल्डिहाइड घरात वायूच्या रूपाने झिरपत राहतं. नव्या कपाटाचा डोळे चुरचुरवणारा वास म्हणजे बऱ्याचदा तोच. हा वायू कर्करोगकारक म्हणून नोंदलेला आहे. म्हणून हा वायू कमी सोडणारं ‘ई-१’ किंवा त्याहून चांगलं ‘ई-०’ प्रतीचं सामान मागा, कापलेल्या कडा पट्टीने बंद करून घ्या, आणि नवं कपाट बाळाच्या खोलीत ठेवण्याआधी काही आठवडे दारं उघडी ठेवून हवा लागू द्या.

भिंतीच्या रंगाबद्दल थोडक्यात: नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त चालत नाही. डब्यावर तसा उल्लेख असतो, तो पाहा. जुन्या वाड्याचं रंगवलेलं दार आणून ते घासून काढायचं असेल तर मात्र सांभाळा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. मुलं घरात असताना, मास्क न लावता, कोरडं घासू नका.

भिंतीवरच्या चित्राकडे येऊ. वारली चित्रं आज पडद्यांवर, कपांवर, फरशांवर सगळीकडे आहेत. मुळात लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक (लग्नाचं चौकोनी चित्र) लिहीत, तो विधीचा भाग होता. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणि जगापुढे नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी कारखान्यात छापलेल्या पडद्यातून डहाणू-जव्हारच्या चित्रकाराला बहुधा एक रुपयाही जात नाही. संगणकावर जमवलेल्या त्रिकोणी माणसांच्या रांगा आणि हाताने काढलेलं तारपा नृत्य यांतला फरक थोडं निरखून पाहिलं तरी दिसतो: हाताच्या चित्रात कोणतीही दोन माणसं तंतोतंत सारखी नसतात. छापील पडद्यांच्या जोडीच्या पैशांत अनेकदा कागदावरचं छोटं मूळ चित्र येतं. त्यावर चित्रकाराची सही असावी, नाव-गाव विचारून घ्यावं, आणि पाहुण्यांना ते सांगावं.

एका वस्तूबद्दल तर मी हात जोडून सांगेन: ‘इंद्रजाल’ घेऊ नका. वास्तुदोषावर उपाय म्हणून चौकटीत बसवून विकली जाणारी ही काळी, जाळीदार ‘वनस्पती’ वनस्पती नाहीच. ती समुद्रातलं काळं पोवळं किंवा समुद्रपंखा असते, म्हणजे प्राण्यांची वसाहत, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिला वाघाच्या बरोबरीने संरक्षण आहे. विकणं आणि बाळगणं दोन्ही गुन्हा आहे. शोभेचं पांढरं पोवळं आणि हस्तिदंती वस्तू यांचंही तेच.

धातूच्या वस्तू या सगळ्यांत सोप्या. पुण्याच्या तांबट आळीतलं ठोक्यांनी घडवलेलं तांब्याचं भांडं महाग वाटतं, पण त्याची मोड येते. उद्या नको झालं तर वजनाने पैसे परत मिळतात आणि धातू वितळून पुन्हा वापरात येतो. रंग फासलेल्या हलक्या मिश्रधातूच्या मूर्तीचं तसं नाही. बांबूच्या टोपल्या, दिव्यांच्या शेड जरूर घ्या, पण बोरॅक्सची प्रक्रिया झाली आहे का ते विचारा, नाहीतर भुंगा लागतो. ‘बांबूची मऊ चादर’ ही मात्र वेगळी गोष्ट आहे: बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला तो व्हिस्कोस धागा असतो.

या सगळ्या शिक्क्यांपेक्षा जास्त वजन मी कशाला देत असेन तर वस्तू किती वर्षं वापरात राहील याला. सेंद्रिय सुताचा, प्रमाणित, पण दोन वर्षांत कंटाळून टाकलेला पडदा आणि वीस वर्षं वापरलेला साधा पडदा, यांत दुसराच भारी ठरतो. म्हणून सर्वांत जंगलपूरक साग तोच, जो कधीच तोडून झाला आहे. जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात, पुण्यातल्या पाडलेल्या वाड्यांचं सामान विकणाऱ्यांकडे जुना साग मिळतो. खरेदीआधी पाय आणि खाचा नखाने टोकरून वाळवी पाहा, सांधे हलवून पाहा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष कायद्यात येऊ शकते, ती देशाबाहेर नेता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

समजा, बैठकीच्या खोलीसाठी पंधरा हजार रुपये काढून ठेवले आहेत. मी त्यातले पहिले पैसे घरातल्याच लाकडाच्या दुरुस्तीला आणि पॉलिशला देईन. मग हातमागाची एक चांगली सतरंजी आणि सहीचं एक चित्र. नवं टेबल या वर्षी राहू देईन. आणि माळ्यावर पडलेली फाटक्या वेताची खुर्ची खाली काढेन. वेत पुन्हा विणून देणारे कारागीर अजून मिळतात, दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या काही संस्थाही हे काम घेतात. चौकट शाबूत असेल तर नव्या खुर्चीच्या बऱ्याच कमी पैशांत ती बसण्याजोगी होते.